अण्णांच्या पायात काटा मोडला आणि त्यांना कळलंच नाही. काय करावं?

काळी_माती

नमस्कार मंडळी. मी लातूरला नोकरीला आहे. गाव केज तालुक्यात, मांजरा धरणाच्या अंगाला. आई-वडील गावाकडंच असतात. पाच एकर शेती, सोयाबीन आणि थोडी तूर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो, वय ६१. शुगर निघून नऊ वर्षं झाली. गोळ्या घेतात, पण पेरणी-काढणीच्या धांदलीत चार-चार दिवस राहून जातात.

पोळ्याला गावी गेलो होतो. खांदमळणीच्या दिवशी संध्याकाळी अण्णांनी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळलं, गोठ्यातून ओसरीवर आले, पाय धुतले आणि देवघराकडं गेले. मागून माय ओरडली, "फरशीवर कुंकू कोण सांडलं रे?" कुंकू नव्हतं. शहाबादी फरशीवर ओसरीपासून देवघरापर्यंत एकाआड एक रक्ताचे ठसे उमटले होते, सगळे उजव्या पायाचे. अंगठ्याच्या मागचा उंचवटा ठळक, टाच पुसट. आणि अण्णा देवापुढं शांतपणे उदबत्ती लावायले होते.

त्यांना खाटेवर बसवलं, तळपाय वर करून टॉर्च मारली. बाभळीचा काटा आत मोडलेला. भोवतीची कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी झालेली, म्हणजे त्या दिवशीचा काटा नव्हताच. मी चिमट्यानं ओढला तर अर्ध्या इंचाच्या वर निघाला आणि मागून पू आला. ओढताना माझ्याच अंगावर काटा उभा राहिला. अण्णा मात्र माझ्याशी बैलांच्या झुलीबद्दल बोलत होते. कपाळावर एक आठी नाही. म्हणाले, "दुखतच नाही रे. एवढ्याशा काट्याचं काय घेऊन बसलास."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी केली. पण त्या रात्रीपासून मला झोप नाही. काटा किती दिवस आत होता हे अण्णांना सांगता येत नाही. आठ दिवस म्हणतात, मग म्हणतात पंधरा असतील.

मला विचारायचंय ते असं. हे न दुखणं कितपत गंभीर आहे? अण्णा शेतात अनवाणीच जातात. काळ्या आईवर पायताण घालून पाय ठेवायचा नाही, हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलंय. शिवाय चौदा वर्षांपासून कोजागिरीला तुळजापूरला पायी जातात, कळंब, येरमाळा, धाराशिव असं करत, तेही अनवाणी. नवसच आहे तसा, माझा धाकटा भाऊ तापातून वाचला तेव्हाचा. त्यांना कसं अडवू? की अडवूच नये?

मायचंही सांगतो. तिला शुगर नाही. टाचांना भेगा इतक्या की त्यात माती बसून काळ्या रेघा झाल्यात. ती बिब्बा तापवून त्याचं तेल भेगांत भरते. पावसाळाभर बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतात. गावातल्या दुकानातून एक ट्यूब आणते, चार दिवस बरं वाटतं, परत सुरू.

कुणाच्या घरी असं झालं असेल, कुणाला यातलं कळत असेल, तर कृपा करून सविस्तर लिहा.

मांजराकाठ

भाऊ, वेळ घालवू नका, एवढंच आधी लिहितो.

माझ्या चुलत्यांचं असंच झालं. पौषातली थंडी, रानात हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रपाळीची लाइट. पाणी देऊन आले आणि शेकोटीपुढं पाय पसरून बसले. पाय गार पडले म्हणून जवळ जवळ सरकत गेले. सकाळी तळव्याला लिंबाएवढा फोड. तो त्यांनी सुईनं फोडला, वर राख लावली. दुखत नव्हतं म्हणून कुणाला बोलले नाहीत. घरात वास यायला लागला तेव्हा काकूला कळलं. तोवर दोन बोटं काळी पडली होती. ती काढावी लागली, नंतर पुढचं अर्धं पाऊल गेलं.

ते आज हिंडतात-फिरतात. पण पहिल्या दिवशी दाखवलं असतं तर सगळं पाऊल राहिलं असतं, हे त्यांना डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

ड्रेसिंगवाली_सिस्टर

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, त्यातली शेवटची बारा वर्षं जखमांच्या ड्रेसिंगवर. आता अंबाजोगाईत घरीच असते. तू माझ्या लेकाच्या वयाचा असशील म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

तू काटा पाहिलास, ठसे पाहिलेस आणि घाबरलास, हे फार चांगलं झालं. बहुतेक घरांत अशा वेळी "दुखत नाही ना, मग बरंय" म्हणून सोडून देतात. शुगरच्या माणसाच्या बाबतीत दुखणारा पाय मला बरा वाटायचा, कारण तो माणूस आपणहून यायचा. न दुखणाऱ्या पायाची मला धास्ती असायची.

होतं काय की शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की बारीक नसा खराब होतात. सगळ्यांत लांबच्या नसा आधी जातात, म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांपासून होते आणि मोजा चढवावा तशी बधिरता वर सरकते. कुणाला आधी मुंग्या येतात, रात्री तळपायाची आग होते, तर कुणाला काहीच होत नाही, नुसती जाणीव कमी होत जाते. घाम आणणाऱ्या नसाही त्यातच असतात. घाम थांबला की कातडी कोरडी पडून फाटते. बोटं वाकडी व्हायला लागतात, ओझं एकाच जागी पडतं, तिथं घट्टा धरतो. अण्णांचा ठसा अंगठ्यामागं ठळक होता ना? घट्ट्याची आणि जखमेची सगळ्यांत आवडती जागा तीच. घट्टा वरून दगडासारखा दिसतो आणि खाली मांस दबून दबून जखम होते. वरून कळतही नाही.

आमच्याकडं एक मास्तर आले होते, नियमित बूट घालणारे. पायाला जखम कशाची ते सापडेना. मी त्यांचा बूट उलटा करून आपटला तर नातवाची काचेची गोटी खाली पडली. अख्खा दिवस शाळेत त्या गोटीवर उभं राहून शिकवलं होतं त्यांनी. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, पायताण घालायच्या आधी आत हात फिरवा. आपल्याकडं विंचवासाठी झटकतातच, तसंच हे.

आता घरी करायची एक परीक्षा सांगते. अण्णांना डोळे मिटायला सांग. तुझ्या बोटाचं टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला अगदी हलकं लाव. दाबायचं नाही, टोचायचं नाही, एक-दोन सेकंद नुसतं टेकवायचं. कळलं की त्यांनी डावा का उजवा ते सांगायचं. दोन्ही पाय मिळून सहा ठिकाणं होतात. त्यातली दोन किंवा जास्त चुकली तर संवेदना गेल्यात असं धर आणि दाखवून घे. दवाखान्यात हेच नायलॉनच्या दोऱ्यानं करतात, १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा दोरा असतो, आणि १२८ हर्ट्झचा कंपनकाटा, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, हाडावर ठेवून बघतात. पाच मिनिटांचं काम आहे. पायाची नाडीही बघायला सांग, रक्त नीट पोचतंय का ते कळतं. अण्णा बिडी ओढतात का? ओढत असतील तर ते आधी बंद. बधिर पायाला रक्तही कमी पडलं तर जखम भरायचं नावच घेत नाही. बराच काळ मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं आणि त्यानंही बधिरपणा येतो. तेवढीही तपासणी करून घे.

काट्याचं सांगते. तू घरी ओढलास, निघाला, पण पुढं असं करू नको. टोक आत राहू शकतं. आणि बाभळीचा काटा एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. एक्स-रे काढतात तो हाडापर्यंत काही गेलंय का हे बघायला. पू आला होता, म्हणजे एका पट्टीवर सोडायची जखम नाही ही. उद्याच्या उद्या सर्जनला दाखव. आमच्या अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तुला जे सोयीचं ते. लाली वर चढायली असेल, वास येत असेल, बोट काळं-निळं दिसत असेल, थंडी-ताप असेल, तर दिवस उगवायची वाट बघायची नाही. आणि जखम नसताना पाऊल अचानक सुजून गरम लागलं, तरी त्यावर चालू द्यायचं नाही. आतली हाडं खचत असतात आणि दुखत नाही म्हणून माणूस चालतच राहतो.

जखम भरायची सगळ्यांत मोठी दवा म्हणजे त्या जागेवरचं ओझं काढणं. मलम दुय्यम. शेतकरी दिवसाला सहज दहा हजार पावलं टाकतो. त्यातली पाच हजार उजव्या पायाची. प्रत्येक पावलाला अख्ख्या अंगाचा भार त्या जखमेवर. नुकत्या उगवलेल्या सोयाबीनवरून रोज बैलजोडी नेली तर ते वाढेल का, असं अण्णांना विचार.

रोज संध्याकाळी हातपाय धुतल्यावर मायनं त्यांचे तळवे बघायचे. डोळ्यानं आणि हातानंही. एका जागी गरम लागलं तर खाली काहीतरी शिजतंय. बेचक्या कोरड्या करायच्या. तेल, व्हॅसलीन तळव्याला लावायचं, बेचक्यात नाही. अंघोळीचं पाणी मायनं कोपर घालून बघायचं, अण्णांनी पायानं बघायचं नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत, नाहीतर नखुरडं होतं. कुरूप असेल तर मेडिकलमधली कुरपाची पट्टी लावायची नाही, त्यात कातडी जाळणारं ॲसिड असतं. ब्लेडही नाही. जखमेवर हळद, चुना, राख, तंबाखू, गाडीचं वंगण, यातलं काहीही नाही. शेणाच्या राखेत धनुर्वाताचे जंतू असू शकतात.

नवसाचं. यंदा चालणं नाही. उघडी जखम घेऊन तुळजापूर पायी, ही गोष्ट मी कुणाच्याही अण्णांना करू देणार नाही. मी स्वतः आईसाहेबांची भक्त आहे, घरी घट बसतात. देवीला पाय द्यायचे असतात ते चालायला, कापून द्यायला नव्हे. पुढच्या वर्षी जखम पूर्ण भरली आणि डॉक्टर हो म्हणाले तर मापाचं पायताण घालून, थांबत थांबत जावं आणि अनवाणी फक्त देवळात व्हावं. तिथंही भर दुपारी नको. दगडी फरशी तापते आणि बधिर पायाला चटका कळत नाही. जाड सुती मोजे घालावेत.

शेवटी एक. तू लिहिलंस, खांदमळणीला बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावलं. त्या बैलांच्या खुरांना पत्र्या मारून आणतात ना अण्णा? खुरात खडा अडकला तर त्याच वेळी काढतात ना? तेच त्यांना विचार. मी अशा कितीतरी शेतकऱ्यांशी बोलले आहे, त्यांना शुगरचे आकडे पटत नाहीत, बैलाचं पटतं.

काळी_माती

सिस्टर, मावशी म्हणू का? तुमचं लिहिलेलं मी शनिवारी गावी जाऊन अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

परीक्षा केली. सहापैकी चार ठिकाणी त्यांना कळलं नाही. डाव्या अंगठ्याला मी बोट टेकवून धरलं होतं आणि ते म्हणायले, "लाव की आता." मायनं तोंड फिरवलं.

बैलाचं विचारलं तेव्हा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बैलाला दुखतं म्हणून तो पाय उचलतो. म्या तर उचलतच नव्हतो." त्यानंतर कसलाच वाद घातला नाही.

सोमवारी दाखवलं. टोक आत नव्हतं, हाडापर्यंत गेलेलं नाही. मेलेली कातडी काढली, जखम वरून दिसत होती त्याच्या दुप्पट निघाली. तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर १०.४ आली. औषध बदललं. दिवसाआड ड्रेसिंग, पाय टेकवायचा नाही. सोयाबीनची काढणी तोंडावर आलीय, ती मी आणि भाऊ रजा काढून बघतो. बिडी ओढत नाहीत, पण तंबाखू आहे.

आता पायताणाचं सांगा. डॉक्टरांनी जखम भरल्यावर एमसीआर चप्पल वापरा म्हणून लिहून दिलंय. ती रानात चालेल का?

जोडेवाला_परभणी

हे मी सांगतो, माझा धंदाच हा आहे. वडिलोपार्जित काम, आणि गेली काही वर्षं डॉक्टर लोक माझ्याकडं पेशंट पाठवतात.

एमसीआर म्हणजे बारीक बुडबुड्यांचं मऊ रबर. अंगठ्यानं दाबलं की दबतं, सोडलं की वर येतं. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी ते आपल्या देशात आधी वापरात आलं, मग शुगरवाल्यांना. पण नुसतं एमसीआर रानात घालू नका. बाभळीचा काटा, तुरीचं खुट, पऱ्हाटीचं खुट त्यातून सरळ वर येतं. आत एमसीआर आणि खाली कडक तळ, असं दोन थरांचं करून घ्या. मी रानातल्या माणसाला खाली टायरचा तळ लावून देतो, त्यातून काटा येत नाही. नुसती टायरची चप्पल मात्र नको, ती पायाला दगडासारखी लागते. खिळा एकही मारू द्यायचा नाही. चिकटवायचं आणि शिवायचं.

अंगठ्याची चप्पल नको. बधिर पायातून ती निसटते आणि माणसाला कळत नाही, शिवाय बेचकीत पट्टी घासते. मागं टाचेला पट्टा, वर चिकटपट्टी, म्हणजे सूज कमी-जास्त झाली तर सैल-घट्ट करता येतं.

माप घेताना संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय फुगतो. आणि हे करून बघा. अण्णांना वर्तमानपत्रावर उभं करा, पेन सरळ धरून दोन्ही पावलांभोवती रेघ मारा, कापून घ्या आणि ते कागदी पाऊल त्यांच्या आत्ताच्या जोड्यात सरकवा. कडा मुडपल्या तर जोडा अरुंद आहे. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणांचा कागद मुडपतो. नवीन जोड पहिल्या दिवशी एक तास घालायचा, काढून पाय बघायचा, लाल डाग दिसला तर माझ्यासारख्याकडं परत आणायचा. रबर दबून पातळ झालं की बदलायचं, वरची पट्टी चांगली आहे म्हणून तसंच ओढायचं नाही.

वाडीवरची_आशा

मी आशा सेविका आहे, आमच्या वाडीवर ऊसतोडीला जाणारी घरं जास्त. मायच्या पायांबद्दल लिहिते, कारण तिच्याबद्दल कुणी बोललंच नाही.

बिब्बा बंद करा. धोबी पूर्वी कपड्यावर न जाणारी खूण करायचे ती बिब्ब्याच्या रसानं. तो रस कातडी भाजतो. कुणाकुणाला सगळा पाय सुजून पाण्यानं भरलेले फोड येतात. भेगांसाठी रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवायचे, वज्रीनं हलकं घासायचं, ओल असतानाच युरिया असलेलं मलम किंवा साधं व्हॅसलीन लावायचं आणि सुती मोजे घालून झोपायचं. दोन-तीन आठवडे रोज. हे मायसाठी आहे, अण्णांचे पाय भिजत ठेवायचे नाहीत.

चिखल्या म्हणजे बुरशी. ती ट्यूब मिश्र असणार, तीन-चार औषधं एकत्र. त्यात स्टेरॉईड असतं, खाज लगेच थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते. म्हणून परत येतं. साधं क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा लावायचं आणि बरं दिसल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. मायच्या पायात जोडवी आहेत का? त्याखाली पाणी साचतं. आमच्या बायका काढायला तयार नसतात. मी म्हणते, रात्री झोपताना काढा, बोट पुसा, जोडवंही पुसा, सकाळी घाला. नवऱ्याच्या आयुष्याला काही होत नाही. आणि मायचा टॉवेल अण्णांच्या पायाला लावू नका. अण्णांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या तर तिथून इन्फेक्शनला वाट मिळते.

अजून एक सगळ्यांसाठी. बधिरपणा शुगरचाच असतो असं नाही. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाचं औषध तिथं फुकट मिळतं, प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर, आणि पूर्ण बरा होतो. लोक लाजून लपवतात आणि पाय गमावतात.

एसटीतला_वाहक

मध्येच विचारतो, माफ करा. मी २२ वर्षं वाहक आहे. सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. चार पावलं चाललं की कमी. ड्युटी संपेस्तोवर परत. शुगर नाही. टाचेचं हाड वाढलंय म्हणतात.

ड्रेसिंगवाली_सिस्टर

वाहकदादा, पहिल्या पावलाला दुखतं म्हणजे बहुधा तळव्याच्या पट्ट्याची सूज. हाडाचा काटा एक्स-रेत कित्येकांना असतो आणि त्यांना काही दुखत नाही, त्याला घाबरू नका. खाटेवरून उतरायच्या आधी पंचा पुढच्या पावलाला अडकवून स्वतःकडं ओढा, तीस सेकंद, तीन वेळा. दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकून पोटरीला ताण द्या. संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवा. घरातही फरशीवर अनवाणी नको, टाचेला मऊ असलेली चप्पल घाला. काही महिने लागतात, बहुतेकांचं याच्यानंच बरं होतं. टाचेतल्या इंजेक्शनची घाई करू नका.

काळी_माती, मावशीच म्हण. तंबाखू सोडवा. तोंडासाठी तर सोडायचीच, रक्तवाहिन्यांनाही बरं.

काळी_माती

मावशी, साडेतीन आठवडे झाले. जखम भरत आलीय, कडेनं गुलाबी कातडी आलीय. जोडेवाल्या दादांचा कागद करून बघितला. अण्णांचा जुना जोडा दोन्ही बाजूंनी बोटभर अरुंद निघाला. दोन थरांचं पायताण करायला टाकलंय.

माय रोज संध्याकाळी चष्मा लावून त्यांचा तळवा बघते. आता अण्णाही म्हणतात, "आण तुझी टाच," आणि टॉर्च धरतात. बिब्बे तिनं स्वतः गोठ्यामागं टाकून दिले. जोडवी काढायला अजून तयार नाही, पण त्याखाली पुसते.

तुळजापूरला अण्णा यंदा कोजागिरीच्या दिवशी एसटीनं जाणार. चालणार धाकटा भाऊ. नवस त्याच्यासाठीच बोलला होता, तर पाय माझेच लागू द्या, असं तोच म्हणाला. अण्णांना ते इतकं लागलं की जेवता जेवता उठून बाहेर गेले.

भाऊ २६ चा आहे, कसला आजार नाही, पण बँकेत बसून काम, चालायची सवय नाही. त्याला फोड येणार. काय करावं?

ड्रेसिंगवाली_सिस्टर

आजपासून रोज चालायला लाव, ज्या जोड्यात जाणार त्याच जोड्यात. नवीन जोडा वाटेवर घालायचा नाही. निघण्यापूर्वी बोटांना, टाचेला, जिथं घासतं तिथं व्हॅसलीन. मोज्यांचे तीन जोड, ओले झाले की बदलायचे. एखादी जागा गरम लागायली की तिथंच थांबून चिकटपट्टी लावायची, मुक्कामाची वाट बघायची नाही. लहान फोड फोडायचा नाही, वर गॉजची घडी ठेवून झाकायचा. फारच ताणला आणि फुटला तर साबण-पाण्यानं धुवून, वरची कातडी न ओढता झाकायचा. मुक्कामाला पाय उशीवर घेऊन पडायचं. वाटेत सेवा म्हणून पाय दाबून देतात, ते चालेल, पण फोडांवर कुणाचं तेल नको. रात्री चालणार असतील तर टॉर्च हातात, साप-विंचवासाठी.

अनवाणी व्हायचं असेल तर देवळाच्या पायऱ्यांपाशी होऊ दे.

आणि कोजागिरीनंतर अण्णांच्या तळव्याचा एक फोटो काढ, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. आधीचा असेल तर तोही. तुमच्या सर्जनला दोन्ही दाखव, म्हणजे किती भरलंय ते मापात कळेल.